चार बोटांची फट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, तिथे शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला डोंगर उतरून जावं लागे. त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नाही. ही वही दुरेघी आहे, पहिलीतल्या मुलांची असते तशी. ती कोणी दिली ते पुढे येईल.

मी अंबरनाथला राहते आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्स शिवण्याच्या गाळ्यात कामाला जाते. शिवणं माझं काम नाही. मशीनवर पुरुष बसतात. आम्ही बायका मागच्या भिंतीला स्टुलावर बसून तयार पीसचे सुटे धागे कापतो, बटणं पाहतो, घडी घालतो.

गाळ्यात एक रीत आहे, कोणी कोणाला न सांगता चालत आलेली. मशीनवाल्याकडून घाईत कुठे शिलाई सुटते, दोन बोटं, तीन बोटं. तपासणाऱ्याच्या हाताला ते लागलं की पीस परत येतो आणि त्या माणसाची त्या पीसची मजुरी कापली जाते. म्हणून धागे कापताना आम्हाला अशी फट दिसली की आम्ही सुई घेतो, आतून बारीक टाके घालून ती बंद करतो आणि पीस पुढे सरकवतो. सांगत नाही. तोही आभार मानत नाही. मानले तर सगळ्यांना कळेल.

आमच्याकडे एक म्हातारे टेलर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. शहाडला राहायचे. हात सोन्याचा, पण नजर गेली होती. सुटलेल्या शिलाया बहुतेक त्यांच्याच असायच्या आणि त्या बहुतेक मीच बंद करायचे, कारण माझा स्टूल त्यांच्या मशीनच्या मागे होता. नऊ-दहा वर्षं हे चाललं. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी ते शेवयांचा डबा आणायचे. "सबके लिए है," म्हणायचे, आणि डबा माझ्या स्टुलावर ठेवायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शेठनी वेगळीच ऑर्डर घेतली. बदलापूरच्या पुढे खरवईकडे, नव्या बिल्डिंगा संपतात तिथे, एका संस्थेने बंद शेड उभारली होती. तिच्यात सहा मुलं-मुली चौदा दिवस स्वतःला कोंडून घेणार होती, आपण दुसऱ्या ग्रहावर आहोत असं समजून. पुढे कधी माणसं खरोखर जातील तेव्हा त्यांची तब्येत कशी राहील, त्याचा हा सराव. बाहेर पडायचं तर डोक्यावर काचेचं शिरस्त्राण आणि अंगात पांढरा जाड सूट. ते सहा सूट आमच्याकडे शिवायचे होते.

शेठ सिंधी, बोलायला गमतीदार. म्हणाले, "साईं, इतना खर्चा किसलिए? जीन्स पहन के जाओ ना. ऊपर कौन देखेगा?"

कापड बेतून सगळ्यांना काम वाटणारा मास्टर चाचांना म्हणाला, "क्या चाचा, चाँद पे जाओगे?"

"पहले शहाड तक तो ढंग से पहुँच जाऊँ," चाचा म्हणाले.

सूटचं काम पाहायला एक मुलगी यायची. पंचवीसेकची असेल. बदलापूरची, वडील कारखान्यात ऑफिसर. त्या सहा जणांमध्ये तब्येतीचं आणि सुरक्षेचं सगळं तिच्याकडे होतं. आत गेल्यावर रोज सकाळी सगळ्यांचं वजन, ताप, नाडी, किती झोपले, किती पाणी प्यायले, हे ती लिहून ठेवणार होती. गाळ्यात आली की तिचं तेच चालायचं. "चाचा, पाणी प्यायलात का? मावशी, तुमच्या स्टुलावर उजेड नाही, डोळे जातील." आणि तिने खरंच शेठच्या मागे लागून माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट लावून घेतली. इतक्या वर्षांत मला ते मागता आलं नव्हतं.

मला अनोळखी माणसाशी बोलताच येत नाही. ती माझ्याशेजारी बसून विचारायची, हा टाका कुठला, तो उसवत का नाही. मी करून दाखवायचे, बोलायचे नाही. एकदाच तिला एक प्रश्न विचारला.

"ताई, पण बाहेर खरी हवा असेलच ना?"

ती हसली. "असेल हो, मावशी. पण नाही असं धरायचं."

मग एक दिवस तिने पहिला सूट टेबलावर पसरला आणि सगळ्यांना बोलावलं. सूटच्या पाठीवर एक पेटी, पेटीत पंखा. तो नळीतून हवा शिरस्त्राणात ढकलणार. ती काय सांगत होती ते मला लांबून तुटक ऐकू येत होतं. मशीनवाले टेबलाभोवती दाटीने उभे होते. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही या ना. तुमच्याही हातातून जाणार आहे हे."

बाकीच्या बायका उठल्या, एकमेकींना ढकलत, हसत गेल्या. मी गेले नाही. पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं मला जमलं नसतं. म्हटलं, शिवायचं मशीनवाल्यांना आहे, मी ऐकून काय करू. आणि कात्री चालवत बसले.

ती सांगत होती ते मला नंतर कळलं. आत गेलेली हवा बाहेरही पडली पाहिजे. नाहीतर माणसाचाच श्वास आणि माणसाचीच उष्णता आत कोंडते. म्हणून सूटला मागे कमरेजवळ, एका पट्टीच्या खाली, चार बोटांची फट मुद्दाम उघडी ठेवायची होती. धूळ शिरू नये म्हणून वरून पट्टी. हवा जायला तेवढी एकच वाट.

पाच सूट मास्टरने स्वतः पुरे करून टेंपोने पाठवले. सहावा त्या मुलीचाच होता. तो तिला ढगळ झाला म्हणून पुन्हा उसवून शिवावा लागला आणि ते काम चाचांकडे आलं. दुसऱ्या दिवशी ती मंडळी शेडमध्ये शिरणार होती. लग्नसराई होती, बाकीच्या दोघी बायका सुट्टीवर. संध्याकाळी चाचांनी सूट माझ्याकडे टाकला आणि नमाजाला गेले. बाहेर संस्थेचा माणूस सूट घ्यायला येऊन बसला होता.

मी धागे कापले. पट्टी उचलून पाहिली तर खाली शिलाई सुटलेली. चार बोटं.

मला आठवतं, मला चाचांची कीव आली. एवढ्या मोठ्या ऑर्डरमध्येही यांच्या हातून सुटलंच. मी सुई घेतली. जाड कापड, म्हणून दुहेरी दोरा. उलटी टीप घातली आणि दर तिसऱ्या टाक्याला गाठ मारली, उसवू नये म्हणून. इतकं नीट काम मी जीन्सवर कधी केलं नव्हतं. त्या मुलीच्या अंगात जाणार होतं ना. मग पट्टी खाली बसवली, घडी घातली, पिशवीत भरून दिलं. चाचा आले तेव्हा सूट गेलेला होता.

पाचव्या दिवशी बातमी आली.

दुपारची वेळ होती. ती आणि तिचा एक सोबती शेडच्या मागच्या मुरमाच्या खाणीत उतरले होते. तासभर चालून दगड गोळा करायचे, असं त्यांचं काम. अर्ध्या तासात तिचं डोकं जड झालं. तिनेच नियम लिहिला होता की खरं संकट असेल तर ठरलेला शब्द तीनदा म्हणायचा, की खेळ थांबेल आणि शिरस्त्राण काढायचं. तिने तो म्हटला नाही. ती नंतर मला म्हणाली, उष्णता डोक्यात गेली की आपल्याला काही होतंय हेच कळेनासं होतं, हे तिने सगळ्यांना शिकवलं होतं. ती खाली बसली, मग आडवी झाली. सोबत्याने वायरलेसवर विचारलं, शिरस्त्राण काढू का? शेडमधून विचारलं, तिने शब्द म्हटला का? त्याने सांगितलं, नाही. ते बोलण्यात काही मिनिटं गेली.

मी त्या मिनिटांचा फार विचार करते. बाहेर हवा होती. खरवईची, मोकळी, डोंगरावरून येणारी. तिच्या तोंडापासून एका काचेवर होती.

ती वाचली. पण दहा दिवस तिला शुद्ध नव्हती.

संस्थेची दोन माणसं तो सूट घेऊन गाळ्यात आली. त्यांनी टेबलावर पालथा टाकला, पट्टी उचलली आणि एकाने बोट ठेवलं. मी स्टुलावरून पाहत होते. एवढ्या लांबून मला टाके दिसणं शक्य नव्हतं, तरी मला दिसले.

"किसने बंद किया?" शेठनी विचारलं. त्या दिवशी ते हसत नव्हते.

मास्टर म्हणाला, "ये वाला चाचा के पास था."

चाचा उठून आले. त्यांनी सूट डोळ्यांजवळ नेला, मग उगाच नेल्यासारखा खाली केला आणि बोट फिरवलं. टाक्यांवरून त्यांचं बोट हळूहळू गेलं. गाठीपाशी थांबलं. पुढे गेलं, दुसऱ्या गाठीपाशी थांबलं.

"सूट मेरा था, साहब," ते म्हणाले. "गलती मेरी है."

ते माझ्याकडे वळले नाहीत. माझ्या मांडीवर जीन्स होती, हातात कात्री. उठावं असं वाटलं. पाय जमिनीला लागले होते, तरी उठले नाही. ती मुलगी सूट दाखवत होती तेव्हा एकदा बसून राहिले होते. ही दुसरी वेळ.

संस्थेने सहाही सूटचे पैसे दिले नाहीत, अठ्ठावीस हजार. शेठनी निम्मे चाचांवर टाकले. त्यांची राहिलेली मजुरी ठेवून घेतली आणि त्यांचं स्वतःचं मोटरचं मशीनही ठेवून घेतलं. जाताना चाचांनी कात्री रुमालात गुंडाळली, सगळ्यांना सलाम केला, माझ्या वरच्या ट्यूबलाइटकडे एकदा पाहिलं आणि गेले. त्यांच्या जागी एक तरुण माणूस बसला. त्याच्या हातून काही सुटत नाही.

मी कामाला जात राहिले. घरी नवऱ्याला सांगितलं नाही. ते रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपतात, आमचं बोलणं तसंही कमीच. कुठेही फट दिसली की पीस तसाच पुढे सरकवायचे. मी बंद करणं सोडलं. मशीनवाल्यांची मजुरी कापली जाऊ लागली तसे ते कुजबुजायला लागले, "बाईला काय झालंय? शिंगं फुटली काय?"

दिवाळीआधी शेठनी मला बोलावलं. त्या मुलीच्या आईचा फोन आला होता. मुलीला आता बटणं लावता येत नव्हती. तिच्या कपड्यांची बटणं काढून त्या जागी दाबली की चिकटणारी पट्टी शिवायची होती, आणि घरी येणारी बाई हवी होती. शेठ म्हणाले, "तुम जाओ, बाई. तुम बोलती नहीं हो, वही अच्छा है. उस घर में कोई ज़्यादा बोलनेवाला नहीं चाहिए."

बदलापूरला गेले. आईने दार उघडलं, कपड्यांचा ढीग दाखवला. ती मुलगी खिडकीजवळ टेबलाशी बसली होती. मला पाहून उठली, तर उठताना तिने टेबल धरलं, मग खुर्ची, मग भिंत. बोलली तेव्हा शब्द जड आणि लांबट आले, झोपेतून बोलल्यासारखे.

"मावशी. ट्यूब चालते ना?"

मी मान हलवली. टेबलावर दुरेघी वही होती. तिच्यात तिने क, ख, ग काढले होते. अक्षरं दोन्ही रेघांच्या बाहेर पळत होती. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग उष्णतेने भाजला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काही परत येईल, काही येणार नाही.

पहिल्या दिवशी मी सहा सदऱ्यांची बटणं काढली आणि निघून आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई चहा ठेवायला आत गेली. मी सुई खाली ठेवली.

"ताई, ती फट मी शिवली."

तिने वर पाहिलं.

"चाचांनी उघडीच ठेवली होती. मला वाटलं, त्यांच्याकडून सुटलं. मी बंद केली." एवढं एका दमात मी आयुष्यात बोलले नव्हते. गाळ्यातली रीत तिला सांगितली. मी टेबलापाशी आले नव्हते तेही सांगितलं.

तिने वही बाजूला सरकवली. मग म्हणाली, "सूट रात्री आला. घालून, पंखा लावून, वीस मिनिटं बसायचं असतं. तपासायला. मीच ठरवलेलं. बाकी पाच जणांना बसवलं." शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता. "माझा मी नाही घातला. दमले होते. कागदावर सही केली. तपासला म्हणून."

मला तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने तसं म्हटलं नाही, आणि तिची सही झाली म्हणून माझे टाके पुसले जात नाहीत.

आई दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवला तेव्हा कप वाजले. मला म्हणाली, "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"येतील त्या," मुलगी म्हणाली. "अजून नऊ सदरे राहिलेत."

आई आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला, भांडं भरून वाहून गेलं तरी.

मग मुलीने विचारलं, "चाचांना सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी आधी शेठना सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही मिटली. "अब बोल के क्या फ़ायदा, बाई? मैंने सुना नहीं. सुना तो तुमको भी निकालना पड़ेगा. जाओ, काम करो." चाचांचं मशीन परत द्या, एवढं तरी म्हणायचं होतं. मी स्टुलावर जाऊन बसले. ते मशीन तिथेच होतं, नवा माणूस त्यावरच बसला होता.

चाचा शहाडला पुलाखाली सापडले. पायाचं जुनं मशीन घेऊन बसले होते, पाठीमागे दोरीला लोकांच्या पँटी आणि पिशव्या. चेन बदलणे, उंची कमी करणे, असलं काम. मला पाहून त्यांनी बाजूचा डबा पुसला आणि बसायला दिला.

"चाचा, तो माझा हात होता."

"हाँ बेटी. मालूम है." ते पिशवीचा बंद शिवत होते, पाय थांबला नाही. "तेरा टाँका अँधेरे में भी पहचानता हूँ. दस साल तूने मेरी इज़्ज़त सी है. मैं एक बार तेरा नाम ले लेता?"

मी तिथे रडले. येणारी-जाणारी माणसं पाहत होती, तरी रडले. ते पिशवी शिवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "वो बच्ची कैसी है?" मी सांगितलं. त्यांचा पाय तेव्हा थांबला.

मी म्हटलं, चौदा हजार मी देणार. ते नको म्हणाले. मी दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाचशे रुपये त्यांच्या मशीनच्या खणात ठेवायला लागले. पहिले तीन महिने त्यांनी परत केले, मी परत ठेवले. चौथ्या महिन्यापासून त्यांनी खण आपणहून उघडा ठेवला.

बदलापूरला मी अजून जाते, रविवारी. शिवायचं आता काही नसतं. आई दार उघडते, बोलत नाही, पण चहाचे कप आता तीन असतात. मुलगी भिंत न धरता खिडकीपर्यंत चालते. बोलणं तसंच राहिलंय. त्या कामावर ती पुन्हा जाणार नाही, तिथे तिच्या जागी दुसरी कोणी आहे. एकदा तिने दोन दुरेघी वह्या मागवल्या आणि एक माझ्यापुढे सरकवली. "मला एकटीला कंटाळा येतो. तुम्हीही काढा." आम्ही समोरासमोर बसून अक्षरं काढतो. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट येतं तेव्हा ती वही झाकते. मी पाहिलं नाही असं दाखवते. घरी येऊन मी उरलेल्या पानांवर हे लिहिते.

पहिली नोट ठेवल्याला सव्वादोन वर्षं उलटून गेली. या महिन्यात शहाडला गेले तेव्हा चाचा एका परकराला नेफा शिवून झाले होते. तो परकर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला, धागे कापायला, जुन्या सवयीने. मी कापले. नेफ्याच्या टोकाला शिलाई नव्हती, दोन बोटं. सुई समोरच्या उशीत टोचलेली होती, माझा हात तिच्याकडे गेलाही होता.

"चाचा, हे उघडं ठेवायचंय का?"

त्यांनी परकर घेऊन बोट फिरवलं. "नाड़ी के लिए एक तरफ़ रखा है. ये दूसरी तरफ़ छूट गया. बंद कर दे."

मी ती एक बाजू बंद केली, दुसरी तशीच ठेवली. मग पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढून त्यांच्या उघड्या खणात ठेवली. त्यांनी खण आत ढकलला. चौदा हजार पुरे झाले.